मांद्र्याची आते

माझ्या वडिलांची थोरली बहीण पेडण्यातल्या मांद्र्याला दिलेली. आम्ही तिला आते म्हणायचो. आमचं घर म्हापशाला. १९८० च्या दशकात मे महिन्याची सुट्टी लागली की आम्ही भावंडं आतेच्या शेतावर, हे ठरलेलंच. शिवोली-चोपडे पूल तेव्हा नव्हता. बसने शिवोली, मग फेरीबोटीने शापोरा नदी ओलांडायची आणि चोपड्याहून मिळेल त्या गाडीने मांद्रे.

न्यायला आतेच यायची. शुक्रवारच्या बाजारात मिरची आणि अळसांदे विकायची, आमच्याकडे दोन घास जेवायची आणि रिकाम्या पाटीसोबत आम्हाला घेऊन निघायची.

तिच्या शेतात पावसाळ्यात भात. भात कापलं की त्याच मातीत मिरची आणि अळसांदे. मे महिन्यात खळ्यात मिरच्या वाळत पडलेल्या असत आणि आम्ही शिंकत शिंकत कोंबड्या हाकायचो. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि खारातली तोरं. आते मात्र आधी बियाण्याचं भात पाहून यायची, मगच पेजेला बसायची. बियाण्याला हात लावायची परवानगी कोणालाच नव्हती.

काका लवकर गेले होते. मूलबाळ नव्हतं. दीर मुंबईला. धाकट्या दिराची सून तेवढी गावात राहिलेली, ती आतेबरोबर चिखलात उतरायची.

पुढे नदीवर पूल झाला, किनाऱ्याकडच्या जमिनींचे भाव चढले आणि शेताला गिऱ्हाईक आलं. घरातले बाकी सगळे विकायला तयार. पण गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. नवरा गेला तरी बायकोचा निम्मा वाटा तिचाच राहतो. त्यामुळे आतेच्या सहीशिवाय व्यवहार होईना.

समजवायला माणसं आली. माझे वडीलही गेले. म्हणाले, "अगो, या वयात कशाला राबतेस? पैसे बँकेत घाल, आमच्याकडे येऊन राहा." आतेने त्यांना आधी जेवायला वाढलं. मग म्हणाली, "शेत विकून कितले दिस खातले? सही मागूं नाकात. तांदूळ जाय जाल्यार मागात."

त्यावरून दोन वर्षं अबोला होता. चवथीला कोणी तिच्याकडे गेलं नाही. तिने मात्र माटोळीला लागणारी फळं दोन्ही वर्षं आमच्याकडे पोचवली.

आते गेल्यावर तिचं मृत्युपत्र निघालं. आपला वाटा तिने त्या सुनेच्या नावावर केला होता. आम्हा भाचरांना काही नाही. घरात थोडी कुरबुर झाली. सख्खा भाऊ असताना दिराची सून कशी, असं काकू बोलल्या. तेव्हा वडीलच म्हणाले, "आम्ही तिच्या घरी जेवलो. शेतात उतरली ती. बरोबरच केलंन तिने."

ती सून आता साठीला आली. आजूबाजूला घरं उठली, बरीच शेतं पडीक आहेत. हिच्या शेतात दर जूनला भात पेरलं जातं. दिवाळीनंतर म्हापशाला आमच्याकडे उकड्या तांदळाची एक पिशवी येते. पैसे विचारले तर ती सांगते, "आतेच्या शेतातले ते. तुमचेच."