पाचवं स्टेशन

कल्याण सुटलं की आई माझा हात हातात घेऊन एकेक बोट दुमडायची. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी. मूठ मिटली की उतरायचं. पावसाळ्यात डब्याच्या खिडक्या बंद, बाहेर नुसता काळोख. पाट्या कोण वाचणार?

दुसरं पाच सत्यनारायणाला भेटलं. दूध, दही, तूप, मध, साखर. मध घरात असेलच असं नाही, मग आई गूळ किसून घालायची, वर केळ्याच्या चकत्या. तरी नाव पंचामृतच. पळीभर तळव्यावर पडायचं आणि ओघळ थेट कोपरापर्यंत.

तिसरं पाच फोर्टातल्या ऑफिसात. नाताळच्या आदल्या दिवशी आमचे गोव्याचे साहेब काचेच्या भल्यामोठ्या भांड्यात 'पंच' कालवायचे. रम, लिंबू, साखर, पाणी, वरून जायफळ. ‘‘नाव तुमचंच आहे,’’ ते म्हणाले. मी ते हसण्यावारी नेलं. पुढे कळलं की ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर हेच लिहून गेलाय: पाच जिन्नस म्हणून पंच. हा फ्रायर 1675 साली आमच्या कल्याणवरून जुन्नरला गेला होता. काही जण पंचन नावाच्या पिंपाकडे बोट दाखवतात. दाखवोत बापडे.

भाचा योकोहामात असतो. तो पितो ते चूहाय, म्हणजे शोचूची शेपटी आणि हायबॉलचं डोकं. मला मात्र त्याने पोन्झूची बाटली आणली. डचांनी नागासाकीच्या देजिमा बेटावर आपला 'पोन्स' नेला. तो पंचचाच डच अवतार. जपान्यांनी शेवटच्या अक्षरात व्हिनेगरचा 'सु' ऐकला. दारू गेली, आंबट तेवढं उरलं, त्यात सोया सॉस आला. पाचाचा हिशेब कुणी ठेवला नाही. मी ते काकडीच्या कोशिंबिरीवर घालून पाहिलं. बायको म्हणाली, ‘‘लिंबू काय वाईट होतं?’’

हल्ली कल्याण सुटलं की नात शेजारी बसून बोटं दुमडते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे चिखलोलीचं स्टेशन बांधताहेत. गाडी तिथं थांबायला लागली की तिला दुसरा हात काढावा लागेल.