सुलह सरकारची, माफी कोणाची?

हज करून आलेल्या आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही लहानपणापासून इंडोनेशियाच्या हाजींचं कौतुक ऐकत आलो. शिस्तीने चालणारे, आवाज न चढवणारे, एकमेकांना सांभाळून घेणारे लोक. ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्व तिमोर 'आसियान' संघटनेचा अकरावा सदस्य झाला, तेव्हा मुलांसोबत आम्ही त्या देशाचा इतिहास वाचायला बसलो आणि मनाला चटका बसला. या चिमुकल्या देशावर २४ वर्षं जुल्म करणारी राजवट त्याच इंडोनेशियाची होती.

तिमोर बेटाच्या पूर्व भागावर गोव्याप्रमाणेच पोर्तुगीजांचं राज्य होतं. त्यांची सत्ता ढासळताच ७ डिसेंबर १९७५ रोजी इंडोनेशियाचं सैन्य आत घुसलं. पुढच्या काळात हिंसा, उपासमार आणि आजार यांनी किमान एक लाख माणसं गेली, असं तिथल्या सत्यशोधन आयोगाने नोंदवलं आहे. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याचा कौल दिला, आणि इंडोनेशियन सैन्याच्या पाठबळावरच्या टोळ्यांनी गावंच्या गावं पेटवली. जुल्म करणारा कलमा पढणारा आहे म्हणून जुल्म हलका होत नाही. मुलांना हे सांगताना आम्ही आडपडदा ठेवला नाही.

२० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला. इंडोनेशियाच्या कैदेत वर्षं काढलेले शनाना गुश्माव राष्ट्राध्यक्ष झाले. पहिले पंतप्रधान झाले मारी अल्कातिरी, येमेनी वंशाचे मुसलमान. जवळजवळ सगळी वस्ती कॅथलिक, आणि जखमा ताज्या; तरीही पंतप्रधानपद एका मुसलमानाकडे गेलं. स्वातंत्र्याच्या सोहळ्याला इंडोनेशियाच्या अध्यक्षा मेगावती यांनाही बोलावलं गेलं, आणि त्या आल्या.

हा निव्वळ मनाचा मोठेपणा नव्हता. जमिनीवरून सीमा लागते ती फक्त इंडोनेशियाशी. ओएकुसी हा तर देशाचा असा तुकडा आहे, की तिथे रस्त्याने जायचं तर इंडोनेशियाची हद्द ओलांडावी लागते. बाजारातला बराच माल तिकडूनच येतो. इतक्या लहान देशाने दार बंद केलं असतं, तर आपणच कोंडलो असतो.

दोन्ही सरकारांनी २००५ मध्ये सत्य आणि मैत्री आयोग नेमला. २००८ च्या अहवालात इंडोनेशियन सैन्याची जबाबदारी मान्य झाली, पण कोणावर खटला भरण्याचा अधिकार आयोगाला नव्हता. हुकूम देणारे बडे अधिकारी शिक्षेवाचूनच राहिले.

इथे आमच्या घरात दोन मतं झाली. अब्बा म्हणाले, "लेकरांची पोटं भरायची तर सुलह करावीच लागते." अम्मी म्हणाल्या, "सुलह करा. पण जिचा मुलगा गेला, तिच्या वतीने माफ करणारे तुम्ही कोण?"

आम्हाला दोघांचंही पटतं. शेजाऱ्याशी नांदणं हे सरकारचं काम. माफी हा मजलूमाचा हक. तिमोरच्या राज्यकर्त्यांनी पहिलं काम निभावलं. मात्र मुलाची कबर कुठे आहे, एवढंच विचारणाऱ्या आईला मैत्रीखातर गप्प राहायला सांगितलं, तर ती मैत्री कागदावरच राहील.