मजा आली?

उन्हाळ्याच्या सुट्टीत अब्बू येणार आणि एस्सेल वर्ल्डला नेणार, असा आमच्या घरात दोन वर्षांपासूनचा वायदा होता. मुलांचे वडील दोहाला असतात. खारेपाटणमधल्या कितीतरी घरांसारखे आमचेही घर व्हिडिओ कॉलवर चालते. मार्चमध्ये कळले की यंदाही रजा मिळत नाही. आणि त्याच आठवड्यात मुंबईच्या खालाच्या मुलाने फोनवर सांगितले, "आपा, एस्सेल वर्ल्ड कुठलं? ते बंद झालं ना!"

मला खरेच माहीत नव्हते. मुलांना त्या बागेचे वेड मीच लावले होते. झोपताना गोष्ट म्हणून मी तिथल्या पाळण्यांचे वर्णन करायची. मार्वेच्या धक्क्यावरून होडीत बसायचे, खाडी ओलांडून गोराईला उतरायचे आणि मग समोर ते सगळे. 1989 साली सुरू झालेली ही बाग करोनानंतर बंद झाली. शेजारचे वॉटर किंगडम, जे 1998 साली आले, ते तेवढे चालू राहिले.

माझे अब्बा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, आमच्याकडेच असतात. ते म्हणाले, "मुंबई राहू दे. घाटावर एक बाग आहे म्हणतात. इन्शाअल्लाह तिथे नेऊ पोरांना." मोबाइलवर फोटो पाहिले. निळेशार पाणी, रंगीत आकाशपाळणा, हसणारी माणसे. फोटो कधीचे आहेत हे कुणी बघत नाही, आम्हीही पाहिले नाही.

एका मंगळवारी पहाटे फजरनंतर निघालो. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ. भुईबावड्याच्या घाटात मुलगा आनंदाने इतका बडबडत होता की ड्रायव्हरही हसायला लागला.

तिकीट खिडकीवर चौघांचे मिळून दोन हजार घेतले आणि आत सोडले. आत शिरताच माझी पावले मंद झाली. फाटकाजवळ प्लॅस्टिकचा एक मोठा हत्ती होता, त्याची सोंड मोडून बाजूला ठेवलेली. फलकावर पाळण्यांची अकरा नावे होती, चालू तीन. बाकीच्यांवर 'दुरुस्ती चालू आहे' अशा पाट्या, आणि त्या पाट्याही उन्हाने पांढऱ्या पडलेल्या. आकाशपाळण्याच्या खुर्च्यांत मागच्या पावसाचा पाला कुजून बसला होता. फोटोतल्या निळ्या तळ्यात गुडघाभर हिरवे पाणी आणि एक उलटी पडलेली होडी.

तिन्ही पाळणे एकच मुलगा चालवत होता. टोरा-टोरा बंद करायचा, किल्ली खिशात घालून पळत ब्रेक डान्सकडे जायचा. आम्ही आणि आणखी एक कुटुंब, एवढीच गिऱ्हाइके. आमची दोन मुले बसली म्हणजे पाळणा अर्धाच भरे, तरी त्याने तो फिरवला. मी जरा चिडूनच विचारले, "बाकीचे कधी सुरू होणार?" तो ओशाळून म्हणाला, "ताई, रविवारी गर्दी होते, इतर दिवशी वीस माणसं येत नाहीत. सुटा भाग बिघडला की तो येईपर्यंत सीझन जातो. मी तरी काय करू?" त्याच्यावर चिडून काय उपयोग होता? मालक तिथे नव्हताच.

ह्या धंद्याचे गणित अवघड आहे एवढे मात्र मला नंतर वाचून समजले. कमाई सुट्टीच्या दिवसांची, खर्च वर्षभराचा, आणि मधे चार महिने पाऊस लोखंड खातो. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा अशा बागांच्या तिकिटावर 28 टक्के कर होता, पुढच्या जानेवारीत तो 18 वर आणला. दिल्लीचे अप्पू घर 1984 साली सुरू झाले, एशियाडच्या हत्तीचे नाव घेऊन. ते 2008 साली बंद झाले. खोपोलीची इमॅजिका 2013 मध्ये सुरू झाली, कर्जात सापडली आणि 2022 मध्ये मालपाणी समूहाने घेतली. म्हणजे मोठमोठ्यांची ही अवस्था. पण तिकीट काढून आत आलेल्या आठ वर्षांच्या मुलाला हे कसे सांगायचे?

अब्बा बंद पडलेल्या आकाशपाळण्याच्या सावलीत बसले होते. म्हणाले, "आपल्या बंदरासारखं झालंय ह्याचं."

खारेपाटण एके काळी बंदर होते. विजयदुर्गच्या खाडीतून गलबते थेट वर इथपर्यंत येत. मग गाळ साचत गेला आणि व्यापार ओसरला. अजूनही कधी कुणी हायवेवर गाडी थांबवून विचारतो, इथे पाहण्यासारखे काय आहे? शिलाहार राजा रट्टराजाचा 1008 सालचा ताम्रपट इथे सापडला हे त्याने कुठेतरी वाचलेले असते. आम्ही नदी दाखवतो. तो दोन मिनिटे पाहतो, चहा पितो आणि निघून जातो. तेव्हा मला उगाच अपराधी वाटते, जणू गाळ मीच आणून टाकला. त्या दिवशी बागेतही तसेच वाटत होते. दोन हजार गेल्याचे फारसे दुःख नव्हते. ज्यांनी घेतले ते खिडकीमागे निवांत होते, आणि मुलांच्या समोर मान खाली घालायची वेळ माझ्यावर आली होती, कारण चला म्हणणारी मी होते.

जोहरची नमाज अब्बांनी तिथेच झाडाखाली अदा केली. मग आम्ही डबे उघडले. मुलगा तोंड फुगवून बसला होता, चौथ्यांदा ब्रेक डान्समध्ये बसायला त्याने नकार दिला. मुलगी मात्र उठली. "मी बसते, मला आवडतो तो," म्हणाली आणि एकटीच जाऊन बसली. फिरताना आमच्याकडे बघून हात हलवत होती.

तो हात पाहिला आणि मला 1990 साल आठवले.

तेव्हा अब्बा कुवेतला होते. त्या उन्हाळ्यात त्यांचे पत्र आले होते की दिवाळीच्या सुट्टीत येतो आणि तुम्हाला एस्सेल वर्ल्ड दाखवतो. ऑगस्टच्या 2 तारखेला इराकचे सैन्य कुवेतमध्ये घुसले. दीड महिना अब्बांचा काही पत्ता नव्हता. अम्मी रोज पोस्टात जायची. लाखाहून जास्त भारतीयांना त्या वेळी अम्मानमार्गे विमानाने मुंबईला आणले, त्यांत अब्बा होते. हातात एक पिशवी होती आणि अंगावरचे कपडे. पगार, बँकेतले पैसे, खोलीतले सामान सगळे तिकडेच राहिले.

तरी त्यांनी आम्हाला मुंबईला बोलावून घेतले. कोकण रेल्वे अजून यायची होती. रात्रभर एस.टी.त बसून अम्मी, मी आणि धाकटा भाऊ कुर्ल्याला खालाकडे पोहोचलो, आणि दुसऱ्या दिवशी गोराईला. पैसे कुणाकडून उसने घेतले होते ते मला आजही माहीत नाही. मी नऊ वर्षांची होते. होडीतच मला मळमळायला लागले. पहिल्याच मोठ्या पाळण्यात मी इतकी घाबरले की उतरल्यावर उलटी झाली. अब्बा लांब उभे होते, सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळत. एकाही पाळण्यात ते बसले नाहीत. अम्मीने मला नळावर नेऊन पुसले. परत आल्यावर अब्बांनी विचारले, "मजा आली?" मी म्हटले, "खूप." आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिले. दिवसभर मी त्यांच्याकडे बघून हात हलवत होते.

मुलांना सांगायची ती गोष्ट ह्याच दिवसाची. उलटी मी गोष्टीतून कधीच काढून टाकली होती.

परतीच्या वाटेत गगनबावड्याला दोहाचा फोन आला. मुलीने मोबाइल हातात घेतला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "अब्बू, खूप मजा आली! तुम्ही पाहिजे होता." मुलगा "खोटं!" म्हणून ओरडला. तिने त्याच्या तोंडावर हात दाबला. तिकडून हसण्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच आले नाही. रेंज गेली असेल असे मी समजले.

घाट उतरेपर्यंत दोन्ही मुले झोपली. अब्बा पुढे बसले होते. मागे न वळताच म्हणाले, "तूसुद्धा असंच म्हणाली होतीस."

"कधी?"

"गोराईला. तुझ्या फ्रॉकला वास येत होता."

मला काय बोलावे सुचेना. म्हटले, "मग तुम्ही मला परत रांगेत का जाऊ दिलंत?"

"तू एवढी हौसेने खोटं बोललीस," अब्बा म्हणाले, "मी कसा अडवणार?" मग त्यांनी ड्रायव्हरला काच वर करायला सांगितली, मुलांना वारा लागतोय म्हणून.