ओसरीवरचा राघू

आदिलाबादच्या त्या घरात ओसरीच्या तुळईला लोखंडी आकडा अजून तसाच आहे. परवा धाकट्यांच्या नातीनं त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "मोठे बाबा, नवा मिठू कधी आणायचा?" थोरले बराच वेळ आकड्याकडेच पाहत राहिले.

घर एक, चुली दोन. मधली ओसरी सामाईक आणि पिंजरा तिथंच. शेजारची तेलुगू बाई राघूला रामचिलुका म्हणायची. तिच्याकडून तो 'रा, रा' शिकला, म्हणजे ये, ये. मराठी मात्र त्याला कुणी शिकवली नाही. पोपटाला आपल्यासारखे स्वरतंतू नसतात. श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या ध्वनियंत्रातून तो बोलतो. रानात तो थव्यातल्या सोबत्यांचे आवाज उचलतो. पिंजऱ्यात थवा कुठला? घरची माणसं हाच थवा, आणि माणसं जे जीव तोडून बोलतात तेच त्याच्या कानात बसतं.

कापूस विकून हाती पैसा आला होता, त्याच दिवसांत भाऊ वाटणीवरून भांडले. आठवडाभर रोज तेच. धाकटे अंगणातून आले की थोरले उंबऱ्यावरून ओरडायचे, "माया दारात येऊ नोको!" मग बोलणंच बंद झालं. राघूनं मात्र ते वाक्य उचललं होतं, थोरल्यांच्याच आवाजात, पाठोपाठ येणाऱ्या त्यांच्या खोकल्यासकट.

दोन्ही घरांचे टीव्ही रात्री उशिरापर्यंत चालायचे. ओसरीवरचा दिवा कुणी मालवायचा, यावरही एकमत नव्हतं. राघू छातीवरची पिसं उपटू लागला. खाणं तर दोन्ही चुलींकडून मिळत होतं, त्यामुळे त्याला काही कमी आहे असं कुणाला वाटलंच नाही.

पौषातल्या एका रात्री वीज गेली. इथली थंडी तेलंगणात प्रसिद्ध आहे. सगळी दारं घट्ट लावलेली. अंधारात राघू अचानक बिथरला आणि गजांवर आपटू लागला. पोपट रात्री असे दचकतात, आणि दिसत नसल्यामुळे आणखी घाबरतात. दोन्ही दारं एकदम उघडली. दोघे भाऊ बॅटरी घेऊन पिंजऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. एका पंखातून रक्त येत होतं. थोरल्यांनी हात आत घातला, पण तो स्थिर राहीना.

"दादा, तुमचा हात थरथरते. मी धरतो."

दोन महिन्यांतलं ते पहिलं बोलणं. धाकट्यांनी राघूला उपरण्यात अलगद धरलं, थोरल्यांनी पंखावर हळद दाबली. जरा शांत झाल्यावर राघूनं धाकट्यांकडे पाहिलं आणि स्वच्छ म्हणाला, "माया दारात येऊ नोको." मागून खोकला.

थोरले तिथंच जमिनीवर बसले.

दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीनंतर ओसरीवर आवाज नाही, दिवा नाही, पिंजऱ्यावर जाड चादर. पोपटाला दहा-बारा तास निवांत झोप लागते. ती त्याला मिळावी म्हणून दोन्ही घरांनी टीव्ही हळू केले. वाटणीनंतर ही माणसं पहिल्यांदा एखाद्या गोष्टीवर एकत्र आली, ती या झोपेसाठी.

थोरले रोज संध्याकाळी पिंजऱ्याशी बसून दोनच शब्द म्हणू लागले, "ये, बस." कित्येक महिने. लोकांनी सांगून पाहिलं की पाखरू शिकलेलं विसरत नाही. ते उठले नाहीत. राघू शेवटी शिकला, पण जुनं न सोडता. धाकटे आले की म्हणायचा, "माया दारात येऊ नोको. ये, बस."

2015 च्या ऑगस्टमध्ये राजुऱ्याची बातमी आली. हा तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. आपल्याला पाहून पोपट शिव्या देतो, त्याला तसं शिकवलंय, अशी एका वृद्धेची तक्रार होती. मालमत्तेच्या वादातलं ते घर. पोलिसांनी पोपटाला ठाण्यात आणलं, तिथं तो गप्पच राहिला, आणि वनखात्याकडे दिला गेला. घरात सगळे हसले. थोरल्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि ते ओसरीवर जाऊन बसले.

राघू गेल्या थंडीत गेला. नातीला थोरल्यांनी अखेर सांगितलं की नवा आणायचा नाही. देशी पोपट पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. "आन् त्याले तरी कुठं इचारलं होतं? ढोलीतून काढूनच आणलं होतं मी."

धाकटे त्या दिवशीही अंगणातून आले. सवयीनं उंबऱ्याशी थांबले, तुळईकडे पाहिलं.

"ये, बस," थोरले म्हणाले.