साधा रिपोर्ट, व्हीआयपी रिपोर्ट

एकाच माणसाने एकाच रात्री एकाच घरातल्या दोघांना विरुद्ध संघ जिंकण्याची टिप विकली, ते सगळ्यांसमोर उघडं पडलं, आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्याचं गिऱ्हाईक तुटलं नाही. हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

माझी सासुरवाडी विट्याची. त्या भागातली निम्मी घरं गलाईच्या धंद्यात. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायला ही माणसं पार केरळपासून दिल्लीपर्यंत पसरलेली आहेत. धाकटा मेव्हणा कोईमतूरला असतो. थोरले साडू, आमचे अण्णा, कराडला पशुखाद्याचं दुकान चालवतात. मी साताऱ्यात पतसंस्थेत. 2023 च्या मे अखेरीला घरात लग्न होतं, म्हणून सगळे जमलो होतो. त्यातच आयपीएलचा अंतिम सामना.

28 तारखेला अहमदाबादेत पावसाने टॉससुद्धा होऊ दिला नाही. 29 ला गुजरातने 214 केल्या, चेन्नईची बॅटिंग सुरू होऊन तीन चेंडू झाले आणि परत पाऊस. मध्यरात्र उलटल्यावर 15 षटकांत 171 असं नवं टार्गेट मिळालं. खाली पाहुणे झोपलेले, आम्ही गच्चीवर मोबाईलभोवती. मोहित शर्माने रायुडूला काढलं, पुढच्याच चेंडूवर धोनीला. अण्णा ओरडले, "पास झाला रिपोर्ट!" मेव्हण्याने कपाळाला हात लावला.

"आण्णा, रिपोर्ट तर चेन्नईचा हाय."

"खुळा का काय? मला गुजरात आलाय."

मी दोघांचे मोबाईल गादीवर शेजारी शेजारी ठेवले. रिपोर्ट म्हणजे सट्टा लावण्यासाठी विकत घेतलेली टिप; दोघांचंही टेलिग्रामचं चॅनल एकच. गॉगल घातलेला तोच फोटो, नोटांच्या बंडलांचं तेच चित्र. आतली खबर, शंभर टक्के पास, लॉस झाला तर पुढच्या मॅचला कव्हर, सगळी वाक्यं शब्दाला शब्द तीच. 'गॅरंटी'चं स्पेलिंगसुद्धा दोन्हीकडे सारखंच चुकलेलं. फरक फक्त संघाच्या नावाचा.

मी तिथेच हिशेब मांडून दाखवला. समजा 640 जणांना मेसेज गेला. निम्म्यांना हा संघ, निम्म्यांना तो. चुकलेले 320 सोडून द्यायचे, उरलेल्यांचे परत दोन भाग. पाच मॅचनंतर 20 माणसं अशी उरतात, ज्यांना पाचच्या पाच रिपोर्ट बरोबर आले. त्यांच्या लेखी तो देव. क्रिकेटमधलं त्याला ओ की ठो कळायची गरज नाही. दोघांनी ऐकून घेतलं. अण्णांनी तर मानही डोलावली.

तेवढ्यात शेवटच्या दोन चेंडूंत 10 अशी वेळ आली. जडेजाने षटकार मारला, मग चौकार. मेव्हणा उड्या मारायला लागला, खालून सासूबाई ओरडल्या. आणि मग तो जे म्हणाला ते ऐकून मी गार पडलो. "दाजी, मी व्हीआयपीचं पैसं भरल्यात. आण्णांनी साधं घेतलंय. साध्यात पब्लिकला मुद्दाम उलटं पाठवत्यात, भाव हलवायला."

म्हणजे मी मांडलेला पुरावा त्याने त्या भामट्याच्याच बाजूने फिरवला! आणि अण्णांना ते पटलं. सकाळी मांडवात केळीचे खुंट बांधले जात होते तेव्हा अण्णा कोपऱ्यात उभे राहून व्हीआयपीचे पैसे पाठवत होते. किती, ते मला सांगितलं नाही. आणि आमचा मेव्हणा तर धंद्यात असा, की गिऱ्हाइकाने देवाची शपथ घेतली तरी दागिन्याचा टंच काढल्याशिवाय भाव बोलत नाही.

'आतली खबर' हा शब्द एवढा का चालतो? कारण ती कधीतरी खरी होती. 2013 ला स्पॉट फिक्सिंगमध्ये खेळाडू पकडले गेले, 2015 ला चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी बाहेर बसले. तेव्हापासून गावात प्रत्येकाला खात्री आहे की सगळं ठरलेलं असतं, आपल्याला फक्त ठरवणाऱ्याचा नंबर मिळायला हवा. आधीच्या पिढीत मटक्याचा ओपन-क्लोज सांगणारे बुवा होते. त्यांचंही पोट आकड्यावर नव्हे, आकडा विचारायला येणाऱ्यांवर चालायचं.

काही शहाणे सांगतात, टिप देणाऱ्याला म्हणावं, जिंकल्यावर पैसे घे. तेही फसवंच. निम्मे तर कुठल्याही परिस्थितीत जिंकणारच की! ते खुशीने देतील, वर बक्षीसही. मी मेव्हण्याला एवढंच विचारलं होतं की याला निकाल माहीत आहे तर हा स्वतः का लावत नाही, तुझ्याकडे किरकोळ पैसे का मागतो? "त्येची आयडी ब्लॉक हाय," म्हणाला. उत्तर तयारच असतं.

तक्रार करायची तरी कुठे? सायबर फसवणुकीसाठी 1930 नंबर आहे. पण फोन करून सांगायचं काय, की बेकायदा जुगारासाठी घेतलेला सल्ला चुकला?

वर मी त्या माणसाच्या नावाने खडे फोडले खरे. पण व्याजाची कोष्टकं मांडण्यात आयुष्य गेलेला माणूस म्हणून सांगतो, एवढा बिनभांडवली, बिनजोखमीचा धंदा मी दुसरा पाहिला नाही. कधी कधी त्याचं कौतुकच वाटतं. राग येतो तो अण्णांचा. ज्याच्या हिशेबाला मान डोलावली त्याच्या तोंडावर त्यांनी पैसे भरले.

ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला. अण्णा म्हणतात, ते चॅनल आता नाव बदलून बँक निफ्टीच्या ऑप्शनचे कॉल देतं. सेबीच्या पाहणीत वायदे-ऑप्शनमधल्या 93 टक्के किरकोळ गुंतवणूकदारांचं तीन वर्षांत नुकसानच झालं, हे मी त्यांना वाचून दाखवलं. "म्हणजे सात टक्के कमावत्यात की," म्हणाले, "आणि हे कायदेशीर हाय." तिथेही साधं आणि व्हीआयपी असे दोन दर आहेत.