हात धुण्याच्या पाण्यावरची परसबाग

माण तालुक्यात पाणी जपून वापरायचं, हे पोरांना शाळेत यायच्या आधीच ठाऊक असतं. त्यामुळे आमच्या जिल्हा परिषद शाळेत परसबाग करायचं ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न त्यांनीच विचारला, "बाई, पाणी कुठनं?" उत्तर आवारातच होतं. दुपारच्या खिचडीच्या वेळी सगळी शाळा नळावर हात धुते. वाहून जाणारं ते पाणी चर खणून भेंडी-गवारीच्या वाफ्याकडे वळवलं. पालेभाजी आणि कोथिंबिरीला मात्र टाकीतलं स्वच्छ पाणी, तेही झारीनंच.

जमीन नुसता मुरूम. एका पालकांनी पाझर तलावातला गाळ ट्रॉली भरून आणून टाकला, मुलांनी घराघरांतून शेणखत आणलं. कुंपणाला बोरीच्या काट्या लावल्या, नाहीतर शेळ्यांनी एका दुपारीत सगळं संपवलं असतं.

मेथी तीन-चार दिवसांत वर आली. धने रगडून, दोन दलं करून पेरले होते, पण आठवडा उलटला तरी वाफा कोराच. "बाई, मेलं का काय बी?" म्हणत दुसरीतला एकजण रोज माती उकरायचा. त्याला रागावण्याऐवजी ओल्या फडक्यात दहा धने बांधून दिले आणि रोज उघडून बघायला सांगितलं. एका सकाळी पांढरा कोंब दिसला आणि फडकं घेऊन तो सगळ्या वर्गांतून फिरला. बी रुजणं मी फळ्यावर पुष्कळदा शिकवलं आहे, पण एवढं नीट कधीच पोचलं नव्हतं.

गांधीजींनी 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हातानं काम करत शिकण्याचा विचार मांडला. वाफ्यात तो रोज पटतो. भेंडीच्या दोन रोपांत फूटभर अंतर ठेवताना चौथीची मुलं आपणहून पट्टी मागतात. चवळीवर मावा पडला, तेव्हा लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून, गाळून फवारली. एवढ्या पाण्याला इतकी, तर पाच लिटरला किती, हे त्यांनी बोटांवर काढलं.

केंद्र सरकारनं 2019 मध्ये शालेय पोषण-बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पण फोटोपुरती बाग मला मान्य नाही. पिकलेली भाजी त्याच मुलांच्या ताटात पडली पाहिजे. आमच्या स्वयंपाकीण मावशींनी पहिली मेथी डाळीत घातली, तेव्हा घरी मेथीला हात न लावणारी एक मुलगी पुन्हा ताट घेऊन आली. "मी खुडलीय ती," एवढंच म्हणाली. पोषणावरचं माझं कुठलंही भाषण तिच्या गळी उतरलं नसतं.

खरी कसोटी सुट्टीची. दिवाळीत शाळेशेजारच्या वस्तीवरच्या मुलांनी पाळ्या लावून पाणी घातलं. मे महिन्यासाठी मात्र आम्ही आशा धरत नाही. तेव्हा वाफे मोकळे ठेवून उन्हात तापू देतो. शेवगा आणि कढीपत्ता तेवढे तग धरतात.

शिक्षकमित्रांनो, जागा कमी असेल तर नळाजवळचा एकच वाफा घ्या. जूनमध्ये शाळा उघडताच भेंडी आणि गवार लावा, दीड-दोन महिन्यांत तोडणी सुरू होते. आणि पहिली तोडणी मुलांच्याच हातून होऊ द्या.