नावं झाली का?

थिएटरात उशीर झाला की अंधारात चाचपडत आमचा पहिला प्रश्न असायचा : "नावं झाली का?" अजून चालू आहेत म्हटलं की जीव भांड्यात पडायचा. नावं म्हणजे सिनेमाच्या आधीचं काहीतरी, हा समज पुसायला मला बरीच वर्षं लागली.

*

१९५५. अमेरिकेत तेव्हा नावं बऱ्याचदा मिटलेल्या पडद्यावरच उमटत. पडदा उघडायचा तो ती संपल्यावर. 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'च्या रिळांच्या डब्यांवर मात्र प्रोजेक्शनिस्टसाठी सूचना होती : नावांआधी पडदा उघडा. ही नावं रचणाऱ्या सॉल बासच्या पांढऱ्या पट्ट्या काळ्यावर सरकत राहतात आणि शेवटी त्यांचा एक वाकडातिकडा हात होतो. गोष्ट हेरॉइनच्या आहारी गेलेल्या माणसाची. ती सुरू होण्याआधीच तो हात आपल्याला दुखू लागतो.

*

'चारुलता', १९६४. नावं येत असतात आणि चारूचे हात रुमालावर 'बी' हे अक्षर भरत असतात. भूपतीचं, नवऱ्याचं आद्याक्षर. सुई खाली जाते, वर येते. घाई कशाचीच नाही. मोठ्या घरात तिच्याकडे वेळच वेळ आहे. सत्यजित राय तिचं एकटेपण शब्दांत सांगत नाहीत. एकेका टाक्यागणिक आपणच तिच्याशेजारी जाऊन बसतो.

*

'शोले'. स्टेशनवरून दोन घोडे निघतात, संगीतकार पंचमची धून सुरू होते. खडक, माळ, गाव, मग ठाकूरची हवेली. पुढे जिथे रक्त सांडणार, तो मुलूख आपण घोड्याच्या चालीने आधीच पाहून घेतो. म्हणूनच पुढच्या चकमकीत आपण वाट चुकत नाही.

*

'महल', १९४९. त्यातल्या सर्वात गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर आधी गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी'. ते पडद्यावरच्या पात्राचं. गळा लताबाईंचा. श्रेयनामावली या शब्दात 'श्रेय' पहिलं का, ते इथे कळतं.

*

संगीत नाटकात नांदीला मंडळी एकत्र उभी राहून गात. प्रेक्षक आधी माणसं पाहायचे, मग पात्रं.

*

आता मालिका लावली की सुरुवात वगळायचं बटण पडद्यावर येतं. मी ते दाबत नाही. संकलक, ध्वनिमुद्रक, वेशभूषाकार : वर्षभराच्या कामाला पडद्यावर दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढे तरी त्यांचे त्यांना मिळावेत.

घरात कुणी मागून येऊन विचारतं, "नावं झाली का?"

"चालू आहेत. बस पटकन, सिनेमा सुरू झालाय."